आधी दप्तर बाजूला ठेवा, मग खोकी बांधा

प्रति,
संपादक

महोदय,

बदलीचा आदेश हातात पडला की प्रत्येक घरात पहिला प्रश्न येतो तो मुलांच्या शाळेचा. ज्या घरांतली मुले शाळेत न जाता घरीच शिकतात त्यांना मात्र शेजारीपाजारी सांगतात, ‘तुमचं बरंय, तुमची शाळा तुमच्याबरोबरच येते.’ येते खरी, पण तीसेक खोक्यांत विखरून येते आणि हवे ते खोके नेमके सगळ्यात खाली असते. स्थलांतराच्या वर्षात गृहशिक्षण बिघडते ते अभ्यासक्रम राहून गेला म्हणून क्वचितच. पुस्तके चुकीच्या क्रमाने बांधली गेली आणि कागदपत्रे वेळेत निघाली नाहीत, या दोन कारणांनी ते बहुतेक वेळा बिघडते. घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी, आणि बदलीमुळे चार-सहा महिने तात्पुरते घरी शिकवावे लागणार आहे अशांसाठीही, काही नेमक्या गोष्टी या पत्रातून मांडतो.

आधी तासांचा हिशेब. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास धरले आहेत. म्हणजे रोजचे चार ते साडेचार तास. त्यांत हजेरी आली, रांगा आल्या, तीस-चाळीस वह्या तपासून होईपर्यंत बसून राहणे आले. घरी समोरासमोर शिकणाऱ्या तिसरी-चौथीच्या मुलाला रोजचे दीड-दोन तास मन लावून केलेले काम पुरते. हे गणित आधी डोक्यात बसले की स्थलांतराची धास्ती निम्मी होते. हलण्याच्या तारखेआधीचे तीन आठवडे आणि नंतरचे दोन, असे पाच आठवडे विस्कळीत जाणार हे धरूनच चालायचे. आठवड्याचे पाच दिवस धरले तर ते होतात पंचवीस दिवस. दोनशेतले पंचवीस.

या पंचवीस दिवसांत पूर्ण वेळापत्रक रेटायचा हट्ट धरला की घर फिसकटते. आई एका हाताने भांडी कागदात गुंडाळते आणि दुसऱ्या हाताने नागरिकशास्त्राचा धडा घेते. त्यात भांडेही फुटते आणि धडाही. त्यापेक्षा सरळ पाऊण तासावर यावे: वीस मिनिटे गणित, पंधरा मिनिटे मोठ्याने वाचन, दहा मिनिटे लेखन. बाकीचे विषय निर्धास्त थांबवावेत. परिसर अभ्यास किंवा इतिहास महिनाभर राहिला म्हणून बिघडत नाही, पण पाढे आणि भागाकार महिनाभरात गंजतात. म्हणून गणित एकही दिवस चुकवू नये. एक पथ्य मात्र पाळावे: शेवटच्या तीन आठवड्यांत कोणतीही नवी क्रिया सुरू करू नये. दोन अंकी भागाकार किंवा छेद वेगळे असणाऱ्या अपूर्णांकांची बेरीज अर्धी शिकून सोडली, तर नव्या घरात ती पुन्हा पहिल्यापासून शिकवावी लागते, शिवाय ‘हे मला येत नाही’ ही मुलाची समजूत जास्तीची पुसावी लागते. नवा भाग त्याआधीच संपवा. उरलेल्या दिवसांत फक्त सराव.

आता खोक्यांकडे. घर आवरताना पुस्तके सगळ्यांत आधी बांधली जातात, कारण स्वयंपाकघर शेवटपर्यंत लागते आणि पुस्तकांवाचून कुणाचे अडत नाही असे वाटते. घरी शिकणाऱ्या मुलांच्या घरात हा क्रम उलटा हवा. प्रत्येक मुलाचे एक पाठीवरचे दप्तर पहिल्याच दिवशी भरून बाजूला काढावे. त्यात गणिताचे एक पुस्तक, चौकटींची वही, एकरेघी वही, कंपासपेटी, भारताचे आणि राज्याचे दहा-बारा कोरे नकाशे, पत्त्यांचा जोड, दोन फाशे आणि गोष्टीची दोन पुस्तके असावीत. त्या दोनांपैकी एक मुलाने आधी वाचलेले आणि आवडलेले असावे. अनोळखी घरातल्या पहिल्या रात्री मुले नवे पुस्तक उघडत नाहीत. केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणाप्रमाणे दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत हवे. पंचवीस किलोच्या मुलाला अडीच किलो. ८० ग्रॅमी ए-४ कागदाचे ५०० पानांचे रिम बरोबर तेवढेच भरते, म्हणून अंदाजाला तेच हातात उचलून पाहावे.

सामान बांधायला येणारी माणसे झपाट्याने काम करतात. दिसेल ते बांधतात, कधीकधी भरलेल्या कचऱ्याच्या डब्यासकट. म्हणून दप्तरे, कागदपत्रांची पिशवी, औषधे आणि चार्जर आदल्या रात्रीच न्हाणीघरात ठेवून दाराला कुलूप लावावे, नाहीतर शेजाऱ्यांकडे ठेवावे. ‘हे बांधू नका’ अशी चिठ्ठी लावून भागत नाही.

अख्खा ट्रक न करता ‘पार्ट लोड’ने सामान पाठवले तर पैसे वाचतात, पण बाकीचा माल जमेपर्यंत ते गोदामात पडून राहते आणि सांगितलेली तारीख हमखास पुढे जाते. त्यामुळे दप्तरातला मजकूर दोन-तीन दिवसांना नव्हे, पंधरा दिवसांना पुरेल असा हवा. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात. ती पेन ड्राइव्हवर आणि फोनमध्ये आधीच ठेवावीत. नव्या घरात ब्रॉडबँड जोडून मिळेपर्यंत आठवडा सहज जातो.

पुस्तकांचे खोके लहानच घ्यावे. १८ × १२ × १२ इंचांचे खोके काठोकाठ पुस्तकांनी भरले तर वजन तीस किलोच्या आसपास जाते आणि उचलताना तळ सुटतो. म्हणून पुस्तके अर्ध्यापर्यंत, आडवी, आणि वर चादरी किंवा लोकरीचे कपडे. तळाला आणि वरच्या तोंडाला चिकटपट्टी मधल्या फटीवर एकदा आणि दोन्ही कडांवर एकेकदा लावावी. जूनमध्ये निघणार असाल तर खोक्यात आधी प्लास्टिकची मोठी पिशवी पसरून मग पुस्तके ठेवावीत. ताडपत्रीवर विसंबून पुठ्ठा टिकत नाही. खोक्याचा क्रमांक झाकणावर लिहू नये, शेजारच्या दोन बाजूंवर लिहावा. खोकी एकावर एक चढली की झाकण दिसतच नाही. कोणत्या क्रमांकात काय आहे त्याची यादी वेगळ्या वहीत असावी आणि ती वही मुलाने लिहावी. रोजची दहा मिनिटे लेखनाची तरतूद इथेच भागते, आणि ‘खो. क्र. १४ – प्रयोगाचे साहित्य, भिंग, चुंबक, मुलांची खोली’ असे लिहिताना शुद्धलेखनही होते.

शैक्षणिक साहित्यात नेमके काय बिघडते तेही सांगतो. पोस्टर रंगांच्या बाटल्यांची झाकणे ट्रकच्या उष्णतेत आणि हादऱ्यांनी सैल होऊन रंग सांडतो आणि खोकेभर वह्या जातात. त्या बाटल्या नेऊच नयेत, तिकडे नव्या घ्याव्यात. कॅल्क्युलेटर, बॅटरी, खेळणी यांतले सेल काढावेत, नाहीतर ते गळतात. पांढरा फळा दोन गाद्यांच्या मध्ये जातो, उभा टेकवला तर तडकतो. पृथ्वीचा गोल स्टँडवरून काढून उशीच्या अभ्र्यात. सूक्ष्मदर्शकाची नेत्रभिंगे काढून आपल्याबरोबर ठेवावीत.

जास्तीची छापील पुस्तके आधीच पुढे पाठवायची असतील तर टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा पाहावी. १ मे २०२५ पासून ती सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असे तिचे मूळ दर ठरले. शैक्षणिक, सामाजिक, धार्मिक स्वरूपाची छापील पुस्तके तीत चालतात, खासगी पत्र आत टाकलेले चालत नाही. माल जमिनीवरच्या वाहतुकीने जातो, तेव्हा घाई असेल तर तिचा उपयोग नाही.

वह्यांबद्दल एक कळकळीची विनंती. घर सोडताना जुन्या वह्या रद्दीत देण्याचा मोह अनावर असतो. सगळ्या ठेवायला नकोत, पण प्रत्येक विषयाची महिन्याला दोन पाने, तारखेसह, काढून एका फाइलला लावा आणि त्यांचे फोटोही ठेवा. मूल नव्या गावी शाळेत घालायचे झाले तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो हे खरे, पण मुख्याध्यापकांच्या समोर ती फाइल उघडली की बोलणेच वेगळे होते. एरवी ‘घरी काय शिकवलं तुम्ही?’ या प्रश्नाला तोंडी उत्तर द्यावे लागते, आणि ते कुणाला पटत नाही.

बांधाबांध हाच अभ्यास म्हणून किती वापरता येतो, याला खरे तर अंत नाही. एकच उदाहरण देतो. ट्रकची आतली लांबी १४ फूट, रुंदी ६ फूट, उंची ६ फूट धरा. घनफळ ५०४ घनफूट. वर सांगितलेले खोके दीड घनफुटांचे. पाचवी-सहावीचे मूल भागाकार करून ३३६ खोकी मावतील असे सांगेल. मग त्याला वहीच्या चौकटींवर ती मांडायला लावा. खोक्याची दीड फुटाची बाजू ट्रकच्या लांबीकडे ठेवली तर चौदा फुटांत नऊच बसतात, अर्धा फूट वाया जातो आणि एकूण होतात ९ × ६ × ६, म्हणजे ३२४. बारा खोकी कुठे गेली? खोके आडवे फिरवून दीड फुटाची बाजू रुंदीकडे केली की लांबीत चौदा, रुंदीत चार, उंचीत सहा, आणि ३३६ पुरी मावतात. घनफळ कागदावर येणे आणि वस्तू जागेत बसणे यांतला फरक यापेक्षा सोप्या रीतीने समजावता येणार नाही. (ट्रकमध्ये कपाटे, पलंग आणि आजीचा पाटा-वरवंटाही जायचा असतो, हे मूल स्वतःच लक्षात आणून देईल.) नव्या घराच्या खोल्यांची मापे फोनवरून मागवून, एक चौकट म्हणजे एक फूट या प्रमाणात नकाशा काढायचा, फर्निचरचे त्याच प्रमाणातले तुकडे कापून त्यावर सरकवायचे, हा खेळ आठवडाभर पुरतो. आणि त्यात मुलाला आपले अंथरूण कुठे येणार हे दिसते. घर सुटण्याच्या हुरहुरीवर त्याचा उपयोग उपदेशाहून जास्त होतो.

आता कागदपत्रे. इथे चुका महाग पडतात.

जन्मदाखला आधी पाहावा. अनेक दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा रिकामीच असते, कारण नोंद बारशाआधी झालेली असते. ते नाव जन्म जिथे नोंदला त्याच महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत घालून मिळते. हजार किलोमीटरवरून हे काम करणे म्हणजे दोन रजा आणि दोन प्रवास. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो, तेव्हा आता पाळण्यात असलेल्यांच्या पालकांनी तर हे टाळूच नये.

मग आधार. मुलाचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांचे स्कॅन वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावे लागतात. ते राहिले असेल तर निघण्याआधी उरकावे. आणि आधारला, मुक्त विद्यालयाला, बँकेला जो मोबाइल क्रमांक जोडला आहे तो नव्या गावी गेल्यावर उत्साहाने बंद करू नये. सगळे ओटीपी त्यावरच येतात.

तिसरी अडचण आपल्या महाराष्ट्राची खास. आपल्या शाळांच्या नोंदीत आडनाव आधी, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. परराज्यातल्या अर्जात पहिल्या रकान्यात ‘पहिले नाव’ मागतात आणि दाखल्यावरून भरणारा कारकून तिथे आडनाव लिहून मोकळा होतो. दक्षिणेत त्यापुढे आद्याक्षराची पद्धत येते. एकाच मुलाची तीन कागदांवर तीन नावे झाली की दहावीच्या अर्जापर्यंत ती निस्तरत बसावी लागतात. निघण्याआधी जन्मदाखला, आधार आणि पारपत्र यांवरचे नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावे आणि तेच रूप एका कागदावर इंग्रजीत व देवनागरीत लिहून फाइलच्या पहिल्या पानाला लावावे.

मूल आधी शाळेत होते आणि मध्येच घरी शिकवायला काढले असेल, तर शाळा सोडल्याचा दाखला घेतल्याखेरीज गाव सोडू नये. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ सांगते की दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाचा दाखला मुख्याध्यापकांनी तत्काळ द्यायचा आहे, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. प्रत्यक्षात फीच्या थकबाकीपासून ‘साहेब रजेवर आहेत’पर्यंत कारणे सांगितली जातात. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि त्यात कलमाचा उल्लेख करावा. बहुतेक वेळा काम होते. परराज्यात जायचे असेल तर दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागितली जाते, ती जिल्ह्याच्या ठिकाणाहून आधीच आणावी. दाखल्यावरची जन्मस्थळाची, तालुक्या-जिल्ह्याची आणि जातीची नोंद नीट वाचून मगच सही करून घ्यावा. पुढे जातपडताळणीला त्याच नोंदींचा आधार लागतो.

कागदी दाखला हाती आला तरी एक काम उरते. यू-डायस प्लस या केंद्राच्या प्रणालीत मुलाचा कायम शैक्षणिक क्रमांक असतो. जुन्या शाळेने मुलाला तिथून ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, सोडले नाही तर नव्या शाळेला ते आपल्या पटावर घेता येत नाही. दाखला देणाऱ्या कारकुनालाच समोर बसून हे करून द्यायला सांगावे आणि तो क्रमांक लिहून घ्यावा.

दहावीच्या उंबरठ्यावरच्या मुलांचे गणित वेगळे. घरी शिकणाऱ्या बहुतेकांचा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून जातो. वयाची चौदा वर्षे पूर्ण, किमान पाच विषय, नोंदणी पाच वर्षे वैध, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर असे वर्षाला दोन हंगाम, आणि उत्तीर्ण झालेल्या विषयांचे गुण जमा राहतात. स्थलांतर करणाऱ्यांसाठी यापेक्षा सोयीची रचना नाही. तरीही लोक अडकतात, आणि अडकण्याची जागा ठरलेली आहे: अभ्यासकेंद्र. विज्ञानासारख्या विषयांची प्रात्यक्षिके लेखी परीक्षेच्या आधी तिथेच होतात. प्रात्यक्षिक पुण्यात आणि लेखी परीक्षा बंगळुरात अशी वेळ आणू नये. बदली नक्की असेल तर नोंदणीच नव्या शहरातल्या केंद्राची करावी. तारीख अनिश्चित असेल तर त्या हंगामाला प्रात्यक्षिक नसलेले एक-दोन विषय तेवढे द्यावेत. छापील पुस्तकांचे पार्सल अर्जातल्या पत्त्यावर येते. भाड्याचे घर सोडून महिना झाल्यावर ते येते आणि परत जाते. म्हणून पत्ता नातेवाइकांचा द्यावा.

राज्य मंडळाचा रस्ताही आहे. खासगी विद्यार्थी म्हणून बसायचा ‘१७ नंबरचा फॉर्म’ मराठी घरांत सगळ्यांना ऐकून ठाऊक आहे. त्यालाही शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, नसेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या राज्य कोट्यात दहावी-बारावी कोणत्या राज्यातून केली हे पाहिले जाते, तेव्हा नववीतल्या मुलाला घेऊन राज्य सोडणाऱ्यांनी हा विचार ट्रक ठरवण्याआधी करावा.

नव्या गावची भाषा हा भाग मात्र आनंदाचा आहे आणि तो थोड्या वेळात खूप देतो. कर्नाटकात जाणाऱ्या मुलाला कन्नड अक्षरांचा धाक वाटतो, पण वर्णमालेचा क्रम आपलाच, बाराखडीची रीत आपलीच, आणि हिंदीभाषक मुलांना परका वाटणारा ‘ळ’ आपल्या मुलांच्या तोंडात आधीच बसलेला. ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ एवढे दोनच स्वर नवे. रोज तीन अक्षरे घेतली तर सतरा दिवसांत ४९ अक्षरे होतात. तिकडच्या शाळांत कन्नड शिकवण्याचा कायदा २०१५चा आहे, त्यामुळे मूल पुढे शाळेत गेले तरी हे वाया जात नाही. कर्नाटक मंडळाच्या शाळा मेअखेर-जूनच्या सुरुवातीला भरतात, आपल्याकडे जूनच्या मध्याला. शाळेत घालणार असाल तर हे पंधरा दिवस मोजणीत धरावेत.

परदेशी जाणाऱ्यांनी आधी तिथला कायदा वाचावा, कारण तो देशागणिक उलटसुलट आहे. पुण्याहून जर्मनीला जाणारी अभियंता कुटुंबे आता कमी नाहीत, आणि जर्मनीत गृहशिक्षण चालत नाही. तिथे मुलाला शाळेत घालणे सक्तीचे आहे, आणि १० जानेवारी २०१९ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही गृहशिक्षण करणाऱ्या एका जर्मन कुटुंबाने नेलेल्या प्रकरणात जर्मनीच्या बाजूने निकाल दिला. व्हिसाची वाट पाहताना इथे सहा महिने घरी शिकवणे ठीक, पण तयारी शाळेत बसण्याचीच करायला हवी. इंग्लंडमध्ये १९९६च्या शिक्षण कायद्यानुसार घरी शिकवता येते. अमेरिकेत सगळ्या राज्यांत परवानगी आहे, पण न्यूयॉर्कमध्ये तिमाही अहवाल द्यावे लागतात आणि टेक्ससमध्ये काहीच द्यावे लागत नाही.

जर्मनीला निघालेल्या मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. जर्मनमध्ये संख्या बोलताना एकक आधी येते आणि दशक मागून, थेट आपल्या ‘एकवीस’सारखे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ आले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! ‘एकवीस’वर वाढलेल्या मुलाला जर्मन अंक सोपे जातात, इंग्रजीवर वाढलेल्याला उलटे करून घ्यावे लागतात. दशांश चिन्हाच्या जागी तिथे स्वल्पविराम असतो आणि हजारांच्या गटांमध्ये टिंब. म्हणजे आपले १.५ तिथे १,५ होते. हे आधी दाखवले नाही तर हुशार मुलाचीही पहिली चाचणी चुकते.

नव्या घरी पोहोचल्यावर पहिल्या दिवशी स्वयंपाकघर, अंथरुणे आणि मुलांची दप्तरे, एवढेच उघडावे. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी पाऊण तास बसावे, टेबल नसले तर खोक्यावर वही ठेवून. वेळ तीच राहिली की जागा बदलल्याचे मुलाला फारसे लागत नाही. पहिल्या दहा दिवसांत नवा विषय नको. गावातले वाचनालय, बागेची वेळ, जवळचे टपाल कार्यालय आणि दवाखाना यांचा नकाशा मुलाने चालून काढावा. जुन्या मित्रांशी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, फोन. अधूनमधून केव्हाही केला तर महिन्याभरात तो थांबतो.

शेवटी शिक्षण विभागाकडे मागणे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १० मूल शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य मानते आणि गृहशिक्षणाबद्दल कायद्यात वेगळी तरतूद नाही. या अधांतरीपणात, कधीच शाळेत न गेलेले मूल शाळाबाह्य सर्वेक्षणात थेट ‘शाळाबाह्य’ म्हणून धरले जाते, मग ते घरी बीजगणित सोडवत असले तरी. त्या सर्वेक्षणात घरी शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळा रकाना असावा. वह्यांची फाइल पाहून मुलाची इयत्तावार तयारी नोंदवणारे एक पानी पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांना देता यावे, म्हणजे परराज्यात दाखवायला काही हाती असेल. आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची प्रतिस्वाक्षरी ऑनलाइन, सात दिवसांच्या मुदतीत मिळावी. बदली झालेल्या माणसाला रुजू व्हायला मिळणारे मोजके दिवस आज जिल्हा परिषदेच्या फेऱ्यांत जातात.

आपले,
घरी शिकवणारे काही पालक, पुणे
(नावे व पत्ते संपादकांकडे दिले आहेत)